माणशी दहा मिनिटं

जुलैच्या मध्यावर पाटाचं पाणी घोट्याखाली गेलं, तेव्हा कोचकोर पाटकऱ्यानं आमच्या गल्लीला तुतीखाली बोलावलं. आम्ही सात-आठ म्हाताऱ्या, पाच म्हातारे, फावडी घेऊन उभ्या राहिलेल्या सुना, आणि हकीमजान. हकीमजान म्हणजे आमच्या गल्लीतला पन्नाशीच्या आतला एकुलता एक बाप्या. आम्ही त्याला चिडवतो, "जपून राहा रे बाबा, तू गेलास तर जनाज्याला खांदे कुठून आणायचे?" तो हसतो, पण खरंच आहे ते. फेब्रुवारीत कासिम लोहार गेला तेव्हा बाजारातून चार हमाल बोलवावे लागले होते.

गावाबाहेरच्या पाटीवर अजून लिहिलेलं आहे, जिदे-बुलाक शहर, वस्ती अकरा हजार. कापसाची गिरणी चालू होती तेव्हाची ती पाटी. शहर आपलं म्हणायचं. एक दवाखाना, एक न्हावी, बुधवारचा बाजार आणि प्रत्येक घरामागे पंधरा गुंठे. मी या शहराची सरकारी सुईण, अडतीस वर्षं. गिरणीच्या दिवसांत एका हिवाळ्यात एकट्या आमच्या गल्लीत सोळा पोरं माझ्या हातावर आली. गेल्या अख्ख्या सालात दोन. न्हाव्यानं दुकानात आता बायकांच्या चपला मांडल्यात. दाढी करायला येणार कोण?

तर कोचकोर म्हणाला, यंदा पाणी जमिनीवर वाटायचं नाही, माणसांवर वाटायचं. आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"माणशी दहा मिनिटं," तो म्हणाला. "आठ दिवसांत आपल्या पाटाला दोन दिवस मिळतात, तेही नुसते उजेडाचे. ज्या घरात जितकी तोंडं, तितकं पाणी. मोजणार झूरा एजे."

"मीच का म्हणून?"

"सगळ्यांना बाहेर तुम्हीच काढलंत ना? मग तुम्हीच मोजा."

झालं. सगळे खो खो हसले. एजे म्हणजे थोरली बहीण, आणि मी या गल्लीत सगळ्यांचीच थोरली बहीण. नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगू? मला बघायचंच होतं. कोणाच्या घरात किती माणसं उरलीत ते अंदाजानं सगळ्यांना ठाऊक, पण बोटांवर कोणीच मोजलेलं नव्हतं. आमच्याकडे घरची माणसं मोजत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. आणि मला तर जन्माची खोड, लोकांच्या घरात डोकवायची. वही घेतली, चष्मा पुसला आणि निघाले.

पहिलं घर हकीमजानचं. त्याच्या बायकोनं पोरांना अंगणात रांगेत उभं केलं होतं. एक कार्टं मोजून झालं की पाठीमागून पळत जाऊन रांगेच्या शेवटी परत उभं राहायचं. मी त्याचा कान धरला.

"तुझं तोंड एकच आहे ना रे?"

"पण मी दोघांचं खातो," ते म्हणालं. आईनं त्याला एक धपाटा घातला. अकरा लिहिले. अकराच्या अकरा घरात हजर असलेलं आमच्या गल्लीतलं हे एकच घर.

पलीकडे आमालिया, आमची जर्मन म्हातारी. तिचे भाऊ, बहिणी, मुलं सगळे तीस वर्षांपूर्वी जर्मनीला गेले, ही राहिली. म्हणे हवामान मानवणार नाही.

"लिही, एक," ती म्हणाली. "मांजरीला माझ्यातलं देईन मी."

अशी घरं घेत घेत दुपार कलता कलता उर्कुयाकडे पोचले. उर्कुया आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. तिची खोडी काढल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, तिलाही माझी. ती मागच्या कांद्यात होती, गुडघ्याला चिंध्या बांधून, बसल्या बसल्या पुढे सरकत खुरपत होती. दोन वाफे पुढे तिची थोरली सून जिपार. जिपार पायात काही घालत नाही. टाचांच्या भेगांत माती भरून टाचाही जमिनीसारख्याच फुटल्या होत्या. ऊन असं होतं की खुरप्याची मूठ हाताला चटका देत होती. कांद्याच्या पातीचे शेंडे पिवळे पडलेले. मी एक कांदा बोटानं उकरून बघितला. अक्रोडाएवढा.

"नको उकरू त्याला," उर्कुया ओरडली. "अजून तीन पाण्यांचं पोट आहे त्याचं."

"मिळतील का तीन?"

"तेच तर तू लिहिणार आहेस ना वहीत!" ती कमरेवर हात देऊन उठली. उठताना तिचे गुडघे कटकट वाजले. "ऐक झूरा. हा कांदा म्हणजे आमचा हिवाळा. कोळसा याच्यातून, पीठ याच्यातून, पोरींचे बूट याच्यातून. दीड तास पाणी चाललं तर शेवटच्या वाफ्यापर्यंत जातं. चाळीस मिनिटांत अर्ध्यावरच थांबतं. आता लिही, नऊ."

"नऊ कुठले गं? मला तर चौघी दिसताहेत. तू, सून आणि दोन नाती."

तिनं माझं मनगट धरलं आणि ओढतच घरात नेलं. बैठकीच्या भिंतीवर पाच खिळे, पाच खिळ्यांना पाच पांढऱ्या पिशव्या. प्रत्येकीत एक वाळका नान. आमच्याकडे लांब जाणारा माणूस निघताना उंबऱ्यावर नानचा एक घास तोडतो आणि उरलेला घरचे भिंतीला टांगून ठेवतात. परत आला की त्यानंच तो संपवायचा. उर्कुयानं एकेक पिशवी उघडून मला दाखवली. हा थोरल्याचा, एर्मेकचा. हा धाकट्याचा, हा त्याच्या बायकोचा, हा लेकीचा. शेवटच्या नानला घासच नव्हता.

"हा कोणाचा?"

"धाकट्याच्या बाळाचा. दात कुठले होते त्याला? हिरड्या दाबल्या नानवर." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "पाचही जण मॉस्कोत एकाच खोलीत राहतात. राहू देत की. भूक त्यांची इथं टांगलेली आहे. मग माणसं कुठली झाली? बोल ना, कुठली?"

मी एर्मेकचा नान हातात घेऊन बघितला. पाच वर्षांचा, विटेसारखा. पण धूळ नव्हती. जिपार दर शुक्रवारी सगळे नान पुसते, हे मला नंतर कळलं. तेव्हा ती ऐरानचं, म्हणजे आमच्याकडच्या ताकाचं, भांडं घेऊन दारात उभी होती, नजर खाली घालून.

"तू काय म्हणतेस गं सूनबाई?"

"आपा म्हणतील ते," ती म्हणाली. आमच्याकडे सुना सासूला आईच म्हणतात, आपा.

मी नऊ लिहिले. अडतीस वर्षांत नाळ कापताना माझा हात कधी चुकला नाही, आणि इथं साधी बेरीज चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या घरांना निघाले, तर प्रत्येक घरात नान! रात्रीतून अख्ख्या गल्लीच्या भिंतींवर नान उगवले होते. ताजे, मऊ, तिळाचा वास येणारे. तुर्सूनच्या भिंतीवर सहा, आणि तिच्या घरातून गेलेत दोघं. शिराजी म्हातारीनं तर अकरा टांगलेले.

"हे कोण गं?"

"पुतणे."

"हे सगळे घास एकाच दातांचे आहेत, शिराजी. पुढचे दोन पडलेले. तुझे दात मी ओळखत नाही का?"

ती तोंडावर रुमालाचं टोक घेऊन हसायला लागली. मीही हसले. पण काल नऊ लिहून बसले होते, आज नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? ज्या घरी गेले त्या घरी मला हेच ऐकवलं, उर्कुयाचे नान माणसं आणि आमचे नान काय भाकरी? लिहीत गेले. तुतीखाली बसून बेरीज केली, तर दोनशे बत्तीस. गिरणीच्या काळातसुद्धा एवढी वस्ती नव्हती आमच्या गल्लीची.

कोचकोरनं वही बघितली आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"पाणी एकशे साठांचं आहे एजे. हे तुम्ही काय आणलंत?"

"माणशी सात मिनिटं करा," कोणीतरी म्हणालं.

"वा रे वा!" हकीमजान एकदम उठला. त्याला मी असा आवाज चढवताना कधी बघितलं नव्हतं. "माझी अकरा पोटं घरात जेवतात. माझ्या पोरांचं पाणी मी भिंतीवरच्या भाकरीला देऊ?"

मग जी जुंपली ती विचारू नका. शिराजी हकीमजानला म्हणाली, पोरं काय आम्ही काढायला सांगितली होती? हकीमजानची बायको फावडं घेऊन पुढे आली. कोचकोर मध्ये पडला, त्याच्या पायावर फावडं बसलं आणि तो मटकन पाटात बसला. बसल्या जागी, ओल्या विजारीनं त्यानं निवाडा दिला.

"फोन लावा! प्रत्येकानं आपापल्या माणसाला इथं फोन लावायचा, आवाज मोठा करायचा, सगळ्यांसमोर विचारायचं. बर्फ पडायच्या आत परत येणार का? हो म्हणेल तो मोजायचा. नाही म्हणेल त्याचं पाणी नाही."

आता मी खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटली होती. सरकून पुढच्या ओळीत जाऊन बसले. पहिल्यांदा तुर्सूनचा मुलगा. मागे आगगाडीचा आवाज. "बर्फ? इथला की तिथला?" एवढंच विचारलं त्यानं, आणि सगळे हसले. शिराजीच्या पुतण्यानं तर तिला ओळखलंच नाही. मग एका घरची मुलगी फोनवर आली, आईचा चेहरा बघितला आणि रडायलाच लागली, काही बोलेचना. आईनं फोन छातीशी धरून बंद केला. त्यानंतर हसणं थांबलं. एकेक जण फोन लावायचा, ऐकायचा, आणि माझ्याकडे न बघता म्हणायचा, "खोडा, एजे." मी खोडत होते. मला ती वही नकोशी झाली.

उर्कुयाची पाळी शेवटी आली. तिनं रुमाल सारखा केला, फोन दोन्ही हातांनी समोर धरला. एर्मेक दिसला, पिवळं जाकीट घातलेला, मागे सिमेंटची पोती. जाड झालाय. कानाजवळ पांढरं. हाही माझ्याच हातावर आलेला, पायाळू, अठरा तास लावले होते त्यानं.

"बाळा, सगळे बसलेत इथं. खरं सांग. बर्फाआधी येणार ना तुम्ही?"

"येतो की आपा. का नाही येणार?"

"पाचही?"

"पाचही येतो. सगळे येतो."

उर्कुयानं मान वळवून सगळ्यांकडे बघितलं. असा चेहरा मी तिचा लग्नात बघितला होता. कोचकोर मला म्हणाला, "ठेवा, एजे. नऊ."

"नका ठेवू."

कोण बोललं ते आधी कळलंच नाही. जिपार तुतीच्या मागे उभी होती, फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून. आमच्याकडे सून चार म्हाताऱ्या माणसांत तोंड उघडत नाही. नवऱ्याचं नाव तर घेतच नाही. तिनं तेव्हाही घेतलं नाही.

"पोरींच्या बापाला विचारा एजे, मागच्या बर्फाआधी कुठे होते? त्याच्या मागच्या?"

फोनमधल्या एर्मेकनं मागे वळून बघितलं. त्याच्या मागे कोणीतरी एक पोतं उचलून नेलं.

"पाच वर्षं 'येतो' ऐकते आहे मी," जिपार म्हणाली. तिचा आवाज लहान होता, पण पाटात खळखळण्याइतकंही पाणी नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "चार लिहा."

"जिपार, अगं, मी..." एर्मेक म्हणाला आणि फोन बंद झाला. बंद पडला की केला, देव जाणे.

"नेटवर्क गेलं," उर्कुया मोठ्यानं म्हणाली. ती उठली, फोन खिशात घातला आणि सुनेला ओलांडून घरी निघून गेली. मी चार लिहिले.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. स्वतःच्या कांद्याचं पन्नास मिनिटं पाणी असं कोणी सोडतं का? जिपार पाटातला गाळ काढत होती, तिथं जाऊन बसले.

"का गं केलंस असं? हो म्हणत होता ना तो? घ्यायचं होतं पाणी गपचूप."

तिनं फावडंभर गाळ काठावर टाकला. मग म्हणाली, "तुम्ही त्यांना लिहिलं असतं ना एजे, तर मीही मोजत राहिले असते. त्यांच्या वाट्याचं खुरपलं असतं, त्यांच्या वाट्याचं ओझं उचललं असतं, आणि म्हटलं असतं, आहेत, घरीच आहेत. पाच वर्षं हेच तर केलं. दमले मी."

"आणि सासू?"

"आपा कालपासून बोलत नाहीत. माझ्या हातचा चहाही घेत नाहीत."

मला तिची फार कणव आली. फावडं उचलून थोडा गाळ मीही काढला. चार फावड्यांत माझी पाठ धरली.

त्यांची पाळी तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला. वही माझी, म्हणून घड्याळही माझ्याच गळ्यात. गेले तेव्हा जिपार आणि दोघी मुली वाफ्यात तयार होत्या. उर्कुया नव्हती. खिडकीचा पडदा हलला, तेवढंच. बावीस वाफ्यांपैकी मागचे नऊ जिपारनं पहाटेच मातीचा बांध घालून बंद करून टाकले होते. त्या नऊ वाफ्यांतला कांदा तिनं आपल्या हातांनी सोडला होता.

नऊला कोचकोरनं वरून पाटाचं दार मोडलं, बांध फोडून पाणी इकडे वळवलं. पाणी आलं, पण कसं, पुढे आधी कचरा, काटक्या, कोरडी पानं, आणि मागे मातकट पाण्याची जीभ. पहिल्याच वाफ्यात भेगा ते घटाघट प्यायला लागल्या. दहा मिनिटं गेली तरी तिसरा वाफा पुरा होईना. धाकटी नात वाफ्यातून धावत ओरडत होती, "आलं, आलं." जिपार एका वाफ्याचं दार मातीनं धरायची, पुढच्याचं मोडायची, तिच्या पोटऱ्यांपर्यंत चिखल.

तेवढ्यात घराचं मागचं दार उघडलं आणि उर्कुया बाहेर आली. नऊ वाफ्यांपुढचा बांध तिनं बघितला आणि तिच्या तोंडाचा रंगच गेला.

"हे कोणी केलं? माझ्या हातानं लावलेलं रोप आहे ते! एकेक रोप!"

"बावीसला दिलं तर बावीसही जातील आपा," जिपार पाण्यातूनच म्हणाली. "तेरा वाचतील."

"कोणाला विचारलंस?"

जिपार थांबली. फावडं चिखलात उभं केलं आणि सासूकडे सरळ बघितलं.

"कोणाला विचारायचं होतं?"

उर्कुयानं तोंड उघडलं. मी वाट बघत होते, आता ही काय बोलते. आणि त्याच वेळी सहाव्या वाफ्याचा बांध फुटला आणि पाणी वाटेवर वाहायला लागलं. जिपार लांब होती. उर्कुया नव्या मोज्यांसकट धावली आणि फुटलेल्या जागी सरळ बसली. अक्षरशः बसली, आपलं सगळं बूड चिखलात घालून.

"अगं माती टाक! बघतेस काय? मी काय इथं अंडी घालतेय?"

जिपारनं तिच्या दोन्ही बाजूंनी माती टाकली. थोरल्या नातीनं हात धरून आजीला उठवलं. मग मात्र उर्कुया घरात गेली नाही. दार मोडायला सून, धरायला सासू. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, पण फावड्यांचा आवाज एका तालात यायला लागला. मी घड्याळ बघत होते आणि मनातल्या मनात काट्याला शिव्या देत होते.

चाळीस मिनिटं झाली तेव्हा तेराव्या वाफ्यात पाणी अर्ध्यावर पोचलं होतं.

"झालं," मी म्हटलं. माझ्याच्यानं मोठ्यानं म्हणवलं नाही.

पुढची पाळी हकीमजानची. तो फावडं खांद्यावर टाकून पाटावर उभा होता. "राहू दे गं पाच मिनिटं," तो म्हणाला. "वाफा तरी भरू दे. मी काही मोजत नाही."

"नको आका," जिपार म्हणाली, थोरल्या भावाला म्हणतात तशी. तिनं फळी उचलली, दारात घातली, वरून पायानं दाबली आणि चिखल लावला. पाणी वळलं, हकीमजानकडे गेलं. त्याची पोरं तिकडे ओरडायला लागली. इकडे मागचे नऊ वाफे पांढरेफटक, कोरडे. उर्कुया त्यांच्याकडे बघत उभी होती, अंगावरून चिखल गळत होता.

तिच्या खिशातला फोन वाजला. तिनं तो रुमालाला पुसून उघडला. एर्मेकचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

"आपा, किती पाणी मिळालं? हे बघ, मी कोचकोरशी बोलतो. ती काहीही म्हणू दे, घर माझं आहे..."

उर्कुयानं लेकाकडे बघितलं, मग कोरड्या वाफ्यांकडे, मग सुनेकडे.

"मला नको विचारूस," ती म्हणाली. "घर जिचं आहे तिला विचार."

आणि तिनं फोन पुढे केला. जिपारचे हात कोपरापर्यंत चिखलात होते, तिनं ते नुसतेच दाखवले. मग उर्कुया स्वतः पुढे गेली आणि फोन सुनेच्या कानाशी धरून उभी राहिली. धरायला तिला हात उंच करावा लागत होता.

"चाळीस मिनिटं मिळाली," जिपार म्हणाली. "चौघींची." पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. तिनं ऐकून घेतलं. "बरं. ठेवा आता, वाफे बघायचेत."

उर्कुयानं फोन खिशात टाकला, चिखलातून खुरपं शोधून काढलं, गुडघ्याच्या चिंध्या आवळल्या.

"बोल," ती सुनेला म्हणाली, "आता कुठून धरू?"